एकदा मार्गी लागलो की...

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा शाळेच्या वाटचालीचा गौरव करणारे चार शब्द लिहावेत, असेच प्रथम मनात आले होते. परंतु तो गौरव इतर लेखांतून येणारच आहे आणि तो यथार्थही आहे. आम्ही मात्र या निमित्ताने एका काहीशा अप्रिय विषयाकडे माजी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे लक्ष वेधू इच्छितो. लेख वाचून कोणी रागावले तरी चालेल. रागाचा पहिला वाटा आम्ही स्वतःकडे घेतलेला आहे, हे पुढे दिसून येईलच.

निकालाचे दिवस आले की चिखलीच्या चौकांत, बुलढाण्याच्या रस्त्यांवर आणि आता तर आपल्या उंद्रीतही अभिनंदनाचे फलक उभे राहतात. क्लासवाल्यांचे फलक, शाळांचे फलक, नातेवाइकांनी हौसेने लावलेले फलक. शालान्त परीक्षा मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले. आपण ती यादी चौकात आणून टांगली. या फलकांवर आपल्या वस्तीतील मुलामुलींचे चेहरे दिसू लागले, याचा आनंद आम्हांला इतर कोणाहूनही कमी नाही. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसून धडा ऐकावा लागला, त्यांच्या पणतीचे छायाचित्र भर चौकात झळकते, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाला तरी साधी वाटू शकत नाही. तरीही त्या फलकाखालून जाताना एक प्रश्न मनात डोकावतो. या मुलीच्या शेजारी बाकावर बसणारी मुलगी आज कोठे आहे? आणि तिची आठवण या मुलीला आहे काय?

हा प्रश्न आम्हांला सुचण्याचे कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत दहावीच्या वर्गाला शिकवीत होतो. वर्गात एक अत्यंत हुशार मुलगा होता. शाळा सुटल्यानंतर तो आपल्याच वस्तीतील दुसऱ्या एका मुलाला रोज तासभर गणित समजावून सांगत बसे. दुसरा मुलगा मंद नव्हता. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत त्याची शाळा बुडत असे, एवढेच. दिवाळीनंतर आम्ही त्या हुशार मुलाला बाजूला घेतले आणि सांगितले, ‘‘बाळ, हे वर्ष पुन्हा येणार नाही. आता तू तुझा अभ्यास बघ. त्याचे काय व्हायचे ते होईल.’’ मुलगा आज्ञाधारक होता. त्याने ऐकले. तो केंद्रात पहिला आला आणि आमच्या सत्काराचा नारळ आम्हीही मोठ्या अभिमानाने स्वीकारला. दुसरा मुलगा गणितात गेला. पुढच्या वर्षी तो आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर होता.

हुशार मुलगा आज चांगल्या पदावर आहे. पाचसहा वर्षांपूर्वी आम्ही त्याला फोन केला. आपल्या भागातील दहावी-बारावीच्या मुलांसाठी महिन्यातून एक दिवस त्याने द्यावा, एवढीच विनंती होती. तो आदराने बोलला. म्हणाला, ‘‘सर, नक्की येणार. फक्त मुलीचे बारावीचे वर्ष आहे, ते एकदा मार्गी लागू द्या.’’ आम्ही फोन ठेवला. त्याचा राग यावयास हवा होता. पण आला नाही. आपणच शिकविलेला धडा विद्यार्थ्याने पाठ म्हणून दाखवावा, तसे ते वाक्य आम्हांला ऐकू आले होते.

‘एकदा मार्गी लागलो की’ हे आज आपल्या समाजातील सर्वांत प्रचलित वाक्य असावे. दहावी झाली की, प्रवेश मिळाला की, नोकरी लागली की, बहिणीचे लग्न झाले की, घराचे कर्ज फिटले की, मुलांचे झाले की. यातील एकही कारण खोटे नसते, आणि म्हणूनच हे वाक्य फार धोक्याचे आहे. मदत करणार नाही, असे आपल्यातील कोणीही म्हणत नाही. मदत केवळ पुढे ढकलली जाते. ज्याला ती हवी असते त्याचे वय मात्र पुढे ढकलता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, स्पर्धाच एवढी आहे, तेव्हा मुलांनी काय करावे? ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेणार नाही. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक. त्यांतील जवळजवळ निम्म्या जागा खासगी महाविद्यालयांतील. त्यांचे शुल्क शेतमजुराच्या घराने ऐकावे आणि सोडून द्यावे असे. राज्यसेवेच्या परीक्षेसाठी पुण्यातील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसलेली आपली मुले आम्ही पाहिली आहेत. एका खुर्चीचे महिन्याचे भाडे, मेसचा एक डबा, आणि दर वर्षी घरी सांगावयाचे नवे कारण. तेथील एका विद्यार्थ्याने आम्हांला सांगितले की, त्याचा खोलीतील जोडीदार स्वतःच्या टिपणवहीवर वर्तमानपत्राचे कव्हर घालतो. कोणत्या लेखकाचे पुस्तक वाचतो आहे तेही दिसू नये म्हणून. दोघेही एकाच तालुक्यातले, दोघेही शिष्यवृत्तीवर शिकलेले. पुरेशा जागा निर्माण न करता लाखो मुलांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्या व्यवस्थेला याचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु जाब विचारावयालाही चार माणसे एकत्र यावी लागतात, आणि वहीला कव्हर घालणारी मुले एकत्र येत नाहीत.

मग पूर्वी सारे छान होते काय? आमची पिढी ऐंशीच्या दशकात वसतिगृहांतून वाढली. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत वसतिगृहाच्या आठवणी निघाल्या की, आम्ही सारे एका ताटात जेवत होतो आणि एका दिव्याखाली वाचत होतो, असे चित्र रंगविले जाते. ते पूर्ण खरे नाही. भाजीच्या पळीवरून आमची भांडणे होत, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ग्रंथालयातील पुस्तकाची नेमकी पाने नाहीशी होत. तरीही एक गोष्ट निश्चित होती. इंग्रजीचे एकच मार्गदर्शक पुस्तक आठ जणांत असे, त्यामुळे एक वाची आणि सात ऐकत. ज्याला समजले तो दुसऱ्याला सांगे. तो सद्गुण होता की टंचाई, हे आम्हांला आजही नक्की सांगता येणार नाही. परंतु त्या टंचाईने एक सवय लावली, आणि सुबत्ता थोडी आली तशी ती सवय गेली. आता प्रत्येकाच्या हातात त्याचा मोबाइल आहे, त्यात त्याचे व्याख्यान आहे, आणि कानात बोंडूक घातले की शेजारचा नाहीसा होतो.

वसतिगृह ही आपल्या चळवळीने विचारपूर्वक उभी केलेली संस्था आहे, हे विसरता कामा नये. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याआधी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभारली होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिच्यावर आमच्यासारखे असंख्य लोक शिकले, तिची सुरुवात १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना झाली. या साऱ्यांमागे एक गृहीत होते. शिकलेला माणूस मागे वळून पाहील, हे ते गृहीत.

ते गृहीत खोटे ठरत आहे, असे बाबासाहेबांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षी वाटले. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी, शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, अशा आशयाची व्यथा बोलून दाखविली. आपल्या प्रत्येक जयंतीला, प्रत्येक कर्मचारी मेळाव्यात ती व्यथा कोणी ना कोणी सांगतो. आम्हीही सांगितली आहे. श्रोते माना डोलावतात, आणि प्रत्येकाला वाटते की हे शेजारच्या खुर्चीवरील माणसाविषयी चालले आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला या ठिकाणी दोन शब्द त्या शिकलेल्या माणसाच्या बाजूनेही बोलावेसे वाटतात. पहिल्या पिढीतील नोकरदाराच्या पगारावर किती ताटे वाढली जातात, हे बाहेरच्याला दिसत नाही. आईचा दवाखाना, भावाची बियाण्याची उधारी, चुलत बहिणीचे शिक्षण, गावातील विहाराची वर्गणी. सोयाबीनचा भाव पडला की यांतील प्रत्येक आकडा वाढतो. शहरात त्याला घर भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते, कार्यालयात त्याच्या गुणवत्तेविषयी कुजबुज चालते. सतत स्वतःला सिद्ध करावे लागणारा माणूस थकतो. त्याला स्वार्थी म्हणणे सोपे आहे. अनेकदा ते अन्यायाचेही आहे. आणि जो देतो, त्यालाही आपण धड वागवीत नाही. पंखा दिला तर पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव हवे असणारे देणगीदार आपल्यात आहेत. परंतु पाच वर्षे निमूटपणे शिकविणाऱ्याला साधे पत्रही न पाठविणारे आयोजक त्याहून अधिक आहेत.

तेव्हा दोष केवळ स्वभावाचा नसावा. या संदर्भात अमेरिकेतील एक प्रयोग आम्हांला फार बोलका वाटतो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यावयाचे होते. काहींचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधील सुप्रसिद्ध गोष्ट. वाटेवरील दारात एक माणूस मान टाकून, खोकत, कण्हत बसविलेला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते, त्यांपैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना वेळेत निघा असे सांगितले, त्यांपैकी ४५ टक्के. आणि ज्यांना उशीर झालाच आहे, धावा, असे सांगितले होते, त्यांपैकी केवळ १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही. मदतीच्या गोष्टीवर भाषण द्यावयास निघालेले काही जण त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

हे विद्यार्थी दुष्ट नव्हते. उद्या धर्मोपदेशक होणारे होते. त्यांना फक्त घाई होती. आम्ही हा प्रयोग प्रथम वाचला तेव्हा त्या दारातील माणसाच्या जागी आम्हांला गणितात गेलेला तो मुलगा दिसला. आणि ‘धावा, उशीर झाला आहे’ असे सांगणारा आवाज आमचाच होता.

महत्त्वाकांक्षा वाईट, असे आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. ज्यांच्या पूर्वजांना महत्त्वाकांक्षा बाळगण्याचीच बंदी होती, त्यांना संतोषाचा उपदेश करणे हा कावा ठरेल. बाबासाहेबांइतका महत्त्वाकांक्षी विद्यार्थी या देशाने क्वचितच पाहिला असेल. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. एक पदवी मिळाली म्हणून ते थांबले नाहीत. १९१७ साली अर्धवट सोडून यावे लागलेले लंडनचे शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा गेले, तेव्हा शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज पाठीशी होते.

परंतु त्याही आधीचा एक माणूस आम्हांला अधिक आठवतो: कृष्णराव अर्जुन केळुसकर. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा त्यांच्या नजरेस पडला. केळुसकर हे शिक्षक होते आणि स्वतः व्यासंगी लेखक होते; शिवचरित्र लिहिण्याचे प्रचंड काम त्या सुमारास त्यांच्या हाती होते. त्यांना घाई असण्यास भरपूर कारण होते. तरी त्यांनी मुलाची विचारपूस केली, वाचावयास पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याचे नाव नेले. केळुसकरांचे ‘मार्गी लागणे’ त्या वेळी पुरे झाले होते काय? आमच्या माहितीप्रमाणे लेखकाचे ते कधीच पुरे होत नाही. ते बागेत बसले आणि त्यांनी शेजारी पाहिले. १९५६ च्या धम्मक्रांतीकडे जाणारी एक वाट त्या बाकावरूनही जाते.

तथापि सर्वांनी केळुसकर व्हावे, असे सांगून हा प्रश्न सुटणार नाही. चांगुलपणावर सोडलेली मदत घाईत बळी पडते. म्हणून आम्हांला भगवान बुद्धांनी काढलेला मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत असता, अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे विचारता त्याने उत्तर दिले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. त्याच्या या उत्तरावर आम्ही अनेकदा विचार केला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी, घरदार सोडून आलेल्या माणसांच्या संघातही, ज्याचा उपयोग नाही त्याला कोणी विचारीत नव्हते!

बुद्धांनी प्रवचन नंतर केले. आधी आनंदाकडून पाणी आणविले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचावर निजविले. मग संघ बोलावून सांगितले की, तुम्हांला येथे आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? आणि ते एवढ्यावर थांबले नाहीत. कोणी कोणाची शुश्रूषा करावयाची, गुरूने शिष्याची, शिष्याने गुरूची, कोणीच नसेल तर संघाने, असा नियम घालून दिला. न करणे हा दोष ठरविला. करुणा मनात उपजेल तेव्हा उपजो. मंचावरील माणसाची पाळी मात्र ठरलेली असली पाहिजे.

निवासी शाळेतील मुलांनाही आई-वडील जवळ नसतात. म्हणून हा प्रसंग आपल्याला इतरांहून अधिक लागू आहे, आणि त्याच्या आधारे आम्ही शाळेच्या चालकांपुढे, पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे काही मागण्या ठेवतो.

शाळेने रोजचा एक तास असा ठेवावा की, त्यात वरच्या वर्गातील प्रत्येक मुलगा वा मुलगी खालच्या वर्गातील एकाला शिकवील. ऐच्छिक नव्हे, वेळापत्रकातील तास. हुशार मुलांच्या पालकांनी कृपा करून याला वेळेचा अपव्यय समजू नये. तीस वर्षे शिकविणाऱ्याचा हा अनुभव आहे की, जे दुसऱ्याला समजावून सांगावे लागते तेच आपल्याला पक्के समजते. तरीही, गुण दोनचार कमी झाले तर होऊ द्यावेत, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. फुकट काहीच नसते.

दुसरे असे की, शाळेच्या फलकावर पहिल्या पाचांच्या टक्केवारीबरोबर आणखी एक आकडा लिहावा. पाचवीत जितकी मुले आली त्यांपैकी दहावी उत्तीर्ण होऊन किती बाहेर पडली? हा आकडा पहिल्या वर्षी कदाचित लाजविणारा असेल. तो लिहावा. पालकांनीही प्रवेशाच्या वेळी पहिला कोण आला, हे विचारण्याऐवजी हा आकडा विचारावा.

माजी विद्यार्थ्यांकडे आम्ही पैसा मागत नाही. नागपूरला दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याविषयी सांगितले होते; त्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्याशी करावा. आम्ही वेळ मागतो. झोपेचे आठ तास वगळले तर आठवड्याचे ११२ तास उरतात आणि त्यांचा विसावा भाग साडेपाच तासांहून थोडा अधिक होतो. आमची मागणी आठवड्याला एका तासाची आहे, आणि ती आजची आहे. कर्ज फिटल्यानंतरची नव्हे. जो पुण्यात वा सुरतेत आहे त्याने तो तास फोनवर द्यावा. प्रवेशाचा अर्ज भरताना, जातपडताळणीच्या फायलीत कोणता कागद राहिला हे शोधताना, शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाशी झगडताना या मुलांना एक जाणता माणूस हवा असतो. एवढ्याने एकेक वर्ष वाचते. आम्ही एका मुलाचे वर्ष वाचविले नाही, त्याचा हिशेब अजून आमच्या नावावर आहे.

शाळेच्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात विषय, तिसऱ्यात वार आणि वेळ. रकमेचा रकाना नको. पहिली ओळ आम्ही येथेच भरून देतो: इतिहास आणि मराठी, रविवार, सकाळी दहा ते अकरा. एस.टी. चुकली तर साडेदहा.